चारचाकी आहे का, असं विचारलं तर काय सांगायचं?

आज हुमणी आणि तांबेरा बाजूला ठेवतो. आमच्या कराड-वाळवा पट्ट्यात सध्या डेअरीवर जा, सोसायटीत जा, नाहीतर पारावर बसा, एकच विषय चाललाय. जनगणना. आणि सल्ला पण एकच: "काय बी खरं सांगू नका."

कारणं ऐकली तर हसू येत नाही. एक वहिनी म्हणाल्या, "भावजी, चारचाकी लिहून घेतली की माझे दीड हजार बंद." आमची चुलती म्हणते, रेशनकार्ड जाईल. एक पोरगा म्हणतो, जात लिहून घेतील आणि उद्या कुठंतरी वापरतील.

ही भीती हवेतून आलेली नाही. लाडकी बहीण योजनेत 2025 मध्ये पडताळणी झाली, तेव्हा ज्यांच्या घरात चारचाकी आहे त्यांची नावं वाहनांच्या सरकारी नोंदींवरून काढली गेली. ट्रॅक्टर तेवढा चालत होता. म्हणजे एका खात्याला दिलेली माहिती दुसऱ्या खात्यात पोचते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यात 2021 पासून आपण ई-पीक पाहणीला पिकाचा फोटो देतोय, फार्मर आयडीला आधार जोडलं, आणि सातबारा तर कोणीही मोबाईलवर बघतो. मग घरयादीत रेडिओ, टीव्ही, इंटरनेट, दुचाकी, चारचाकी असं विचारलं की माणूस दचकणारच.

पण मंडळी, सातबारा आणि जनगणना यांत एक मोठा फरक आहे. सातबारा उघडा असतो, जनगणनेचं पान बंद असतं. 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 सांगतं की प्रगणकानं भरलेली नोंद बघायला मागायचा कोणाला हक्क नाही, आणि त्या कायद्याखालचे खटले सोडले तर कोर्टात ती पुरावा म्हणून चालत नाही. बांधाच्या भांडणात भाऊबंदानं ती मागवली तरी मिळणार नाही. त्याच कायद्यात जाणूनबुजून खोटं उत्तर देणं हाही गुन्हा आहे, हे सल्ला देणारे सांगत नाहीत.

कलम 8 तर वाचण्यासारखं आहे. उत्तर देणं बंधनकारक, पण घरातल्या बाईचं नाव सांगायची सक्ती नाही. आणि रूढीमुळं बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही तरी चालतं. लिहिणाऱ्यांना आपली घरं माहीत होती म्हणायची.

आता शंकेची खरी जागा. 2010 साली घरयादीबरोबरच राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचा वेगळा फॉर्म भरून घेतला होता. ती नोंदवही नागरिकत्वाच्या कायद्याखाली येते, तिला कलम 15 चं कुलूप नाही. 2019-20 ला देशभर जो गोंधळ झाला त्यात ही नोंदवही पण होती. म्हणून प्रगणक आला की पहिलं विचारा, "गुरुजी, हा कागद कुठल्या कायद्याखालचा?" विचारण्यात काय भांडण नाही.

यावेळी सगळं मोबाईलवर आहे. घरयादी 2026 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, राज्य ठरवेल त्या 30 दिवसांत. माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये, जातीसकट. कायदा कागदाच्या जमान्यातला आणि माहिती फोनमधली. ती कुठं साठते, कोण बघू शकतं, हे तहसील कार्यालयानं ग्रामसभेत येऊन सांगायला पाहिजे. आपण मागितलं पाहिजे. लोकांचा विश्वास दवंडी देऊन येत नाही.

मग खोटं का नको? माती परीक्षणाचं आपल्याला माहीत आहे. नमुना उकिरड्याजवळचा घेतला तर अहवाल खोटा येतो, खत चुकतं, आणि भोगतं पीक. मोजणीचं तसंच. सांगली जिल्ह्यात 2001 ला सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं 851 मुली निघाल्या. 2011 ला पण आकडा 870 च्या आतच. घराघरानं पोरांची खरी संख्या सांगितली म्हणून ही लाज आकड्यात दिसली. मार्च 2017 ला म्हैसाळला भ्रूण सापडले तेव्हा बाकीचा देश हादरला, पण आकडे आधीपासून ओरडत होते.

दुसरं, बायकांचं काम. मोजणीत "काम काय?" विचारलं की आपण पुरुष पटकन सांगतो, "घरीच असते." भांगलण, लावण, वैरण, धार, हे कोण करतं? स्वतःच्या रानात राबणारी बाई "शेतकरी" म्हणूनच लिहून घ्या. सहा महिने किंवा जास्त राबत असेल तर ते मुख्य काम धरतात. आपल्या चुकीच्या उत्तरानं लाखो शेतकरी बाया कागदावर रिकाम्या बसतात.

तिसरं, फेब्रुवारीत गळीत हंगाम चालू असणार. बीडच्या टोळ्या आपल्या फडात असतील, आणि आपली खानापूर-आटपाडीची गलाई करणारी माणसं देशभर पांगलेली असतील. कोपीतल्या माणसांकडं प्रगणक आला नाही तर त्याला वाट दाखवायचं काम रानमालकाचं.

एवढं ध्यानात ठेवा. ओळखपत्र बघा. बँक खातं, आधार, पॅन, उत्पन्न यांचा प्रश्न घरयादीत नाही. कोणी विचारलं तर सांगू नका आणि तलाठ्याला कळवा. फोनवर लिंक आली तर उघडू नका. स्वतः माहिती भरायची सोय दारोदार फेरीच्या आधी आहे, घरातल्या शिकलेल्या पोरीकडून अधिकृत पोर्टलवरच भरा. आणि गाडी असेल तर आहे म्हणा.

तुमच्या गावात काय बोललं जातंय ते खाली लिहा. घरची माहिती मात्र लिहू नका.