किरणाची उंची

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. सारी नोकरी मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेली. विज्ञानाशी संबंध आला तो विज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांचा वर्ग शांत ठेवण्यापुरता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी सेन्सर आणि व्हॉल्व्हवर लिहायला बसेन, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलोच असतो.

२०२४च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. तिथे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो. मुलं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागत फिरतात आणि हौशी मंडळी आपल्या गॅरेजचा भूतबंगला करतात. आमच्या पंधरा वर्षांच्या नातवाने शवपेटीतून उठणारा सांगाडा करायचा घाट घातला होता. ऐन दिवाळीच्या तोंडावर घरात शवपेटी! हिने दोन दिवस अबोला धरला. पण आपल्याकडे गणपतीच्या हलत्या देखाव्यासाठी पोरं जागतात, तसाच हा जागत होता. मग मीही स्टूल घेऊन त्याच्याशेजारी बसू लागलो.

"आजोबा, सोपं आहे," तो म्हणाला. वाटेच्या एका बाजूला छोटी डबी. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण निघतो, समोरच्या परावर्तकावर आपटून परत येतो. मधून कुणी गेलं की किरण तुटतो आणि व्हॉल्व्हला वीज मिळते. व्हॉल्व्हच्या कॉइलचं चुंबक होतं, आतली दांडी सरकते, कॉम्प्रेसरमधली हवा सिलिंडरच्या खालच्या तोंडाने शिरते, दट्ट्या वर येतो आणि सांगाडा ताडकन उठून बसतो. चार सेकंदांनी टायमर वीज तोडतो. स्प्रिंग दांडीला मागे ढकलते, हवा वरच्या तोंडाने शिरते आणि स्वारी पुन्हा झोपते. बाहेर पडणाऱ्या हवेचा तो 'फुस्स' आवाज, निम्मी भीती त्यातच!

आधी त्याने परावर्तक न लागणारा सेन्सर आणला होता. तो समोरच्या माणसाच्या अंगावरून परतणारा प्रकाश पाहतो. पण काळे कपडे प्रकाश गिळतात, आणि त्या रात्री निम्मी मुलं काळ्या कपड्यांत असणार. चेटकीण समोरून गेली तरी बेट्याला पत्ता नाही!

पहिल्याच चाचणीत पेटीचं झाकण बिजागरीसकट उखडलं. मुलगा ऑफिसातून आला आणि त्याने कागद पुढे ओढला. सिलिंडरचा व्यास ४० मिलिमीटर, म्हणजे दट्ट्याचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. दाब ६ बार. म्हणजे जोर पंचाहत्तर किलोंहून जास्त. "एवढा मोठा माणूस अंगावर आदळला तर?" त्याने विचारलं. दाब २ बारवर आला, बाहेर पडणारी हवा आवळून वेग कमी केला. नातवाने जोडलेला पीव्हीसीचा पाइपही काढायला लावला, कारण हवेच्या दाबाने तो फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. त्याजागी हवेसाठीचा होज आला.

सगळं ठीक झालं असं वाटलं. आणि एका संध्याकाळी शेजारचा तीन-चार वर्षांचा मुलगा आमचं काम बघायला उघड्या गॅरेजात शिरला. किरण गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. सांगाडा उठला. मुलगा रडला नाही, पळाला नाही. जागच्या जागी उभा राहिला आणि त्याची चड्डी ओली झाली.

नातू हसता हसता थांबला. मी मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे गेलो होतो. पाचवीचा वर्ग. बाकावर पेंगणाऱ्या एका मुलाच्या कानाशी मी वेताची छडी सणकन आपटली होती. त्याचंही असंच झालं. वर्ग हसला. तो चार दिवस शाळेत आला नाही. आणि मी? मी तो किस्सा शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगितला. मुलांना धाक हवा, असं आम्ही सगळेच म्हणायचो. कुणाला किती, हे कधी मोजलं नाही. माझी छडी सगळ्यांसाठी एकाच उंचीवर होती.

हे मी त्या रात्री नातवाला सांगितलं. मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. नातू काही बोलला नाही. मग गॅरेजच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "आजोबा, तो सेन्सर बघा." अमेरिकेत १९९३पासून विजेवर चालणाऱ्या गॅरेजच्या दारांना लहान मुलं चिरडू नयेत म्हणून संरक्षणाची सक्ती आहे. त्यासाठीचा किरण जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवतात, रांगतं मूलही चुकू नये म्हणून. "आपला त्याच्या उलट, वर पाहिजे."

त्याने आमचा किरण चार फुटांवर नेला. लहान मूल खालून निघून जाईल, सांगाडा झोपलेला राहील. पण कडेवर घेतलेल्या मुलाचं काय? त्यासाठी व्हॉल्व्हची वीज तोडणारं एक बटण लावलं आणि ते माझ्या हातात दिलं. "हे काम तुमचं."

३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. सकाळी अभ्यंगस्नान, फराळ. संध्याकाळी मी भूतबंगल्यात खुर्ची टाकून बसलो. छोटी मुलं सांगाड्याजवळून निर्धास्त गेली, चॉकलेटं घेऊन आली. मोठी किंचाळली, हसली आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. शेजारचा छोटाही आला, आईच्या कडेवर, तिच्या मानेत तोंड खुपसून. मी बटण दाबून धरलं. ती दोघं रस्त्याला लागेपर्यंत सोडलं नाही.

पुढे एक बुटकी मुलगी किरणाखालून गेली, थबकली, मागे वळली. तिने मोठ्या मुलांचा खेळ पाहिला होता. तिने हात वर करून उडी मारली. सांगाडा उठला, आणि ती टाळ्या पिटत हसली.

पाचवीतल्या त्या मुलाचं नाव मला आजही आठवतं. तो आता पन्नाशीच्या पुढे असेल. गावी परतल्यावर त्याचा पत्ता मिळवला आहे. पत्र लिहायला घेतलं आहे, अजून पुरं झालेलं नाही.