सरपंच निवडायचा आपण, काढायची चावी कुणाकडं?



पावसानं उघडीप दिली की पारावर माणसं जमतात. उसाचं, कांद्याचं झालं की विषय सरपंचावर येतोच. सध्या आमच्या बारामती-इंदापूरच्या शिवंवर एक वाक्य फार ऐकू येतंय, "अविश्वास टाका आन् मोकळं व्हा." आपण थेट मतदान करून निवडला, म्हणजे थेट काढताही येतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही.

थेट जनतेतून सरपंच ही पद्धत २०१७ ला आली. २०२० ला रद्द झाली. २०२२ ला परत आली. सरकार बदललं की आमच्या मताचं माप बदललं, आणि तिन्ही वेळा आम्हाला कुणी विचारलं नाही. असो.

आता काढायचं कसं? निवडून आल्यावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, मुदतीच्या शेवटच्या सहा महिन्यांतही नाही. मधल्या काळात आणायचा तर आधी सदस्यांच्या बैठकीत तीन चतुर्थांश मतांनी ठराव व्हायला पाहिजे. तो झाला तरच विशेष ग्रामसभा आणि तिथं गुप्त मतदान. म्हणजे शेवटचा शब्द गावाचा, पण पहिला सदस्यांचा. नऊ सदस्यांच्या पंचायतीत तीन जण फुटले की विषय तिथंच संपला. गावातल्या दीड हजार मतदारांना नकोसा झालेला माणूस तीन जणांच्या जिवावर पाच वर्षं बसू शकतो.

ठरावाच्या आधी सदस्य "सहलीला" जातात, हे काय आपल्याला नवीन आहे का? फोन बंद, घरच्यांनाही पत्ता नाही, आणि मतदानाच्या दिवशी एकाच गाडीतून उतरतात. उलटंही होतं. सरपंच चांगला असतो, पण ठेकेदाराच्या बिलावर सही करत नाही म्हणून सदस्य एक होतात. अशा वेळी ग्रामसभेचा शेवटचा शब्द त्याला वाचवतो. म्हणून ती तरतूद मला पटते. न पटणारी गोष्ट एकच. सुरुवात करायचा हक्क गावाला का नाही?

शेजारच्या मध्य प्रदेशात तो आहे. तिथं ग्रामसभेच्या एक तृतीयांश सभासदांनी सह्या करून नोटीस दिली की सरपंचाला परत बोलवायची प्रक्रिया सुरू होते, तीही निम्मी मुदत संपल्यावरच. तिथल्या शहरांत तर नगराध्यक्षासाठी मतपत्रिकेवर दोन चित्रं, भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. २००१ ला अनूपपूरच्या लोकांनी रिकामी खुर्ची निवडली आणि नगराध्यक्षांना घरी पाठवलं.

हे वाचून आपल्याकडच्या बायकांना उभी बाटली-आडवी बाटली आठवेल. दारू दुकान बंद करायला गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, मग मतदान. आणि आडवी बाटली जिंकायला झालेल्या मतांच्या निम्मी मतं चालत नाहीत, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त लागतात. जी घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. अट कडक आहे, पण सुरुवात मतदाराच्या हातात आहे. दुकानाला जे लागू होतं ते सरपंचाला व्हायला काय हरकत?

आमचा एक जोडीदार म्हणतो, "मग पडलेला उमेदवार दुसऱ्या दिवसापासून सह्या गोळा करत फिरंल, काम कोण करणार?" त्याची भीती खोटी नाही. भावकीत बारा महिने इलेक्शन चाललं तर गाव नासंल. पण त्याला उपाय अट कडक ठेवणं हा आहे. दोन वर्षं थांबा, निम्म्या यादीची मतं आणा. एवढी माणसं एका माणसाविरुद्ध उभी राहिली तर ती नुसती भावकी नसते.

माझा स्वतःचा दुखरा भाग पाणंद रस्त्याचा. गेल्या हंगामात गाड्या रुतायला लागल्या म्हणून मुकादमानं टोळी आमच्या शिवारात घातलीच नाही. ऊस दीड महिना उशिरा तुटला. तुरे आले, वजन घटलं. मतं मागताना रस्त्याचा शब्द मिळाला होता, नंतर कामांच्या यादीत तो नव्हता. ती यादी कुठं मंजूर झाली? तहकूब ग्रामसभेत. ग्रामसभेला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यातला कमी आकडा कोरमला लागतो. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. मग पंधरा-वीस जण वर्षभराचा आराखडा हातावेगळा करतात. मी त्या सभेला होतो, रस्त्याचा विषय काढला, पण शंभरजणांचा आवाज आणि आमचा चौघांचा आवाज यात फरक पडतोच.

आणि हे सगळं सरपंचापुरतं. आमदार-खासदाराला परत बोलवायची सोय कायद्यात नाहीच. जयप्रकाश नारायण यांनी ती मागितली होती, २०११ च्या आंदोलनात राळेगणच्या अण्णांनी मागितली. पक्ष बदलला तर तक्रार करता येते, पण मतदाराला त्याला परत बोलवता येत नाही. आपल्या पाण्याच्या पाळ्या ठरतात कालवा सल्लागार समितीत. खडकवासल्याचं आवर्तन शेपटाला इंदापुरात पोचेपर्यंत काय उरतं ते टेलच्या शेतकऱ्याला विचारा. तिथं बसणाऱ्या आमदाराला जाब विचारायला तो पुढच्या निवडणुकीची वाट बघतो, आणि तोवर त्याचा ऊस दोनदा वाळलेला असतो.