लेखणीची मिळकत

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी काही वर्षांपूर्वी लग्न होऊन भोपाळला गेली. जावई रेल्वेत नोकरीस आहेत. गेल्या पावसाळ्यात तिचे आईवडील मिस्सा संपल्यावर आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि बराच वेळ उसाच्या व पावसाच्या गोष्टी बोलत राहिले. मनात निराळेच काही आहे, हे आम्ही ताडले. अखेर आईने तोंड उघडले. "फादर, पोरगी मोबाईलवर कायबाय लिहिती आन् तिला म्हणं त्याचं पैसं येत्यात. ह्ये पैसं देतंय कोण? त्यात काही लबाडी तर नसंल?"

प्रश्न भोळा असला तरी बावळट नव्हता. ज्या पैशाचा देणारा दिसत नाही त्याविषयी कष्टकरी माणसाला शंका यावी, हे आम्हांस योग्यच वाटते. पुढील महिन्यात एका सभेसाठी आम्हांस भोपाळला जावयाचेच होते. चौकशी करून येतो, असे वचन आम्ही देऊन टाकले. खरे सांगावयाचे तर आमचीही एक तक्रार तिच्यापाशी मांडावयाची होती. पण ती पुढे येईल.

भोपाळच्या अरेरा कॉलनीत बिट्टन मार्केट नावाचा भाग आहे. तेथील भाजीबाजार त्या बाजूच्या गृहिणींचा मोठा आधार. मुलीने आम्हांस घरी न नेता प्रथम तेथेच नेले. "फादर, माझा धंदा इथंच सुरू झाला," असे ती म्हणाली. झाले असे की, नवी नवरी असताना तिने भाजीवाल्याकडे पडवळ मागितले, आणि त्याने पिशवीत परवल भरले! नावे कानाला सारखी, भाज्या मात्र अगदी वेगळ्या. घोसाळ्याला तिकडे गिलकी म्हणतात, दोडक्याला तुरई. या फजितीवर तिने एक लहानसा लेख लिहिला आणि शेवटी परवलाची भाजी मराठी पद्धतीने कशी करावी तेही दिले. मध्यप्रदेशात सून म्हणून गेलेल्या किती मुलींनी तो वाचला असेल! त्यांची पत्रे येऊ लागली आणि हिचा उत्साह वाढला.

चहाच्या टपरीपाशी बाकावर बसून, पोहे-जिलेबी खात आम्ही तिची हिशेबाची वही पाहिली. हत्यारे म्हणाल तर फारच थोडी. एक मोबाईल, त्यात मराठीत बोलले की अक्षरे आपोआप उमटतात, मग चुका तेवढ्या हाताने दुरुस्त करावयाच्या. लिहिलेले ठेवण्यासाठी इंटरनेटवर जागा लागते. तिला ब्लॉग म्हणतात. 'ब्लॉगर' नावाची अशी सोय १९९९ साली निघाली, २००३ मध्ये गूगल कंपनीने ती विकत घेतली, आणि तिला भाडे पडत नाही. स्वतःच्या नावाची पाटी हवी असल्यास मात्र दरसाल थोडे पैसे भरावे लागतात. प्रत्येक लेखाची एक प्रत ती वहीतही उतरून ठेवते. फुकटच्या जागेचा मालक उद्या काय करील याचा नेम नाही, हे तिने आपल्या वडिलांपासून शिकलेले दिसते. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याची जमीन वाट्याने केली.

आता देणारा कोण? पहिला देणारा जाहिरातदार. गूगलची 'अ‍ॅडसेन्स' ही योजना २००३ पासून चालू आहे. लेखाच्या शेजारी कंपनी जाहिराती लावते, जाहिरातदाराकडून पैसे घेते आणि त्यांतील बराचसा वाटा लेखकाला देते. हिंदी लेखनाला ही सोय २०१४ च्या अखेरीस मिळाली, मराठीला २०१८ साली. हिशेब डॉलरांत होतो. दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी कंपनी साध्या टपालाने एक गुप्त आकडा पाठविते. शंभर जमल्याशिवाय बँकेत पैसा येत नाही. जगभर विजेच्या वेगाने चालणारा हा व्यवहार शेवटी पोस्टमनच्या पिशवीपाशी येऊन अडतो, याची आम्हांस मोठी गंमत वाटली. ते शंभर डॉलर भरावयास मुलीला चौदा महिने लागले. अमेरिकेतल्या वाचकापुढील जाहिरातीला मोल अधिक, आपल्याकडील वाचकापुढील जाहिरातीला कमी. आणि तिच्या वाचक बहुतेक आपल्याकडच्याच.

दुसरी वाट दलालीची. लेखात एखाद्या वस्तूचा दुवा द्यावयाचा. वाचकाने त्यावरून खरेदी केली की दुकानदार काही टक्के देतो. अ‍ॅमेझॉनने १९९६ मध्ये आपली अशी योजना सुरू केली. तिच्या वहीत या रकान्यात चिल्लरच होती.

तिसरा रकाना आम्ही दोनदा वाचला. चाळीस पाककृतींची एक पुस्तिका तिने मोबाईलवर वाचता येईल अशी तयार केली आहे. किंमत साठ रुपये. वाचक बाई मोबाईलवरूनच पैसे पाठविते, पुस्तिका तिच्याकडे जाते. मध्ये जाहिरातदार नाही, दलाल नाही. महिन्याला सर्व मिळून सरासरी दोन हजार रुपये पडतात, त्यांतले निम्म्याहून अधिक या पुस्तिकेचे. पंडिता रमाबाईंची आठवण आम्हांस येथे झाली. त्यांनी १८८२ साली 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक छापले आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून १८८३ मध्ये इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च भागविला. एका विधवेला, पदरी लहान मूल असताना, मराठी वाचकांनी पुस्तक विकत घेऊन समुद्रापार पोहोचविले! लिहून पैसा मिळविणे यात लबाडी आहे असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

परंतु चौथा रकाना होता, आणि त्यात एकच नोंद. आमची तक्रार तीच. एका कंपनीने तिला मिक्सर फुकट पाठवून, वर तीन हजार रुपये देऊन स्तुतीचा लेख लिहविला होता. दोनदा चटणी वाटून पाहिली आणि हिने लिहिले. आमच्या गावातील एका विधवा भगिनीने तो लेख वाचून आमचा सल्ला विचारला. "आपल्याच मुलीने लिहिले आहे, खोटे कशाला लिहील?" असे आम्ही म्हणालो. बाईने बचत गटाचे कर्ज काढून तो मिक्सर घेतला. पापडाच्या डाळी दळून चार पैसे मिळतील ही तिची आशा. चौथ्या महिन्यात मोटार जळाली.

हे आम्ही थोड्या रागानेच सांगितले. मुलगी खाली पाहत राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक आहे, फादर. आईनं फोनवर सांगितलं होतं. त्या मावशींना पैसे पाठवलेत." वहीत नोंद होती: पुस्तिकेच्या सहा महिन्यांच्या मिळकतीतून मिक्सरची पूर्ण किंमत. आमच्या सल्ल्याचा त्या नुकसानीत जो वाटा होता त्याची नोंद कोणत्याही वहीत नव्हती, आणि ती भगिनी आम्हांस एका शब्दाने बोललेली नाही.

तो लेख आता काढून टाक, असे आम्ही सुचविले. तिने मान हलविली. "काढला तर ज्यांनी वाचला त्यांना कसं कळणार?" तिने मोबाईल पुढे केला. लेख जागच्या जागी होता. वर ठळक अक्षरांत लिहिले होते की, हा लेख पैसे घेऊन लिहिला आहे आणि यंत्र टिकले नाही. जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने २०२१ साली असा नियमच केला आहे की, मोबदला घेऊन केलेल्या स्तुतीवर 'जाहिरात' असे स्पष्ट लिहावे. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानेही २०२३ मध्ये तशाच सूचना काढल्या. तिला हे नियम तेव्हा माहीत नव्हते. यंत्र टिकले नाही हे छापण्यास मात्र तिला कोणत्याच नियमाने भाग पाडले नव्हते. त्यानंतर दोन कंपन्यांनी विचारले, दोहोंना तिने नकार दिला. त्यातील एकीची रक्कम आठ हजार होती. जावयांना ती गोष्ट अजून रुचलेली नाही, हेही तिने लपविले नाही.

गावी परतल्यावर आम्ही आईवडिलांना सगळा हिशेब वाचून दाखविला. वडिलांचे समाधान झाले. आई मात्र म्हणाली, "दोन हजार, बरं. पन येळ किती जातो?" हे विचारावयाचे आमच्या ध्यानातच आले नव्हते! तेथल्या तेथे फोन लावला. पहाटे बाळ उठण्यापूर्वी रोज दोन तास, असे उत्तर आले. बाईने बोटांवर मोजले.

"खुरपणीच्या रोजापरीस कमीच पडतंय की," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "पन सावलीत हाय."