आठवी विभक्ति

चौतीस वर्षें विद्यार्थ्यांकडून विभक्ति घोकून घेण्यांत घालविल्यावर उतारवयांत मलाच एका विभक्तीचा धडा नव्यानें शिकावा लागेल, आणि तोहि एका सात वर्षांच्या मुलीकडून, असें कोणी भविष्य वर्तविलें असतें, तर मीं तें हंसण्यावारी नेलें असतें. परंतु तसें घडलें खरें. ती मुलगी माझीच नात. आणि स्थळ म्हणाल तर पोलंड देशांतील क्राकूव हें शहर.

आमची कन्या गेलीं पांच वर्षें तेथें आहे. जांवई एका संगणकाच्या कंपनींत नोकरीस आहेत, आणि मुलगी तेथील लोकांना इंग्रजी शिकविते. मीं जन्मभर संस्कृत शिकविलें आणि मुलीनें इंग्रजी पत्करलें, याचा एक बारीक सल माझ्या मनांत पूर्वींपासून होता, हें येथें कबूल केलें पाहिजे. गेल्या वर्षीं ऑक्टोबरच्या आरंभीं मी व माझें कुटुंब असे आम्ही उभयतां तीन महिन्यांकरितां तिच्याकडे गेलों, तेव्हां तो सलहि सामानांत बांधून बरोबर नेला होता.

परदेशांत भाषा शिकविणाऱ्याचा दिवस कसा जातो, याची मला कल्पना नव्हती. आपल्याकडे मास्तरांचा दिवस घंटेनें सुरू होतो व घंटेनें संपतो. हिचा दिवस ट्रॅमच्या वेळापत्रकावर चालतो. आठवड्यांतून दोनदां ती अंधारांतच उठून एका कचेरींत शिकवावयास जाते. कारण पोलिश माणसें कामास लवकर लागतात, आणि कामापूर्वींचा एक तास इंग्रजीला देतात. दुपारपर्यंत स्वयंपाक, धुणें आणि वह्या तपासणें. मुलें शाळेंतून व मोठीं माणसें कामांतून सुटलीं म्हणजे तिचा खरा दिवस उजाडतो, आणि डिसेंबरांत तर तो सूर्यास्ताबरोबरच उजाडतो. कारण त्या महिन्यांत तेथें पावणेचार वाजण्यापूर्वींच दिवस मावळतो. एक शिकवणी नदीच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, तिसरी घरीं. रात्रीं आठ वाजतां ती पायांवरचें बर्फ झटकून आंत येई, तेव्हां तिचा चेहरा पाहून माझें कुटुंब कांहीं न बोलतां ताट वाढावयास घेई.

त्या देशाला इंग्रजीची एवढी तहान कां, हें मला हळूहळू कळलें. १९८९ सालीं राजवट बदलेपर्यंत तेथील शाळांतून रशियन भाषा सक्तीची होती. त्यानंतर जो तो इंग्रजीच्या मागें लागला. १ मे २००४ रोजीं पोलंड युरोपीय संघांत आलें, आणि लाखों तरुण इंग्लंड-आयर्लंडास कामासाठीं गेले. शाळा संपतांना जी ‘मातुरा’ नांवाची मोठी परीक्षा द्यावी लागते, तींतहि एक परकी भाषा आवश्यक असते, आणि बहुतेक विद्यार्थी इंग्रजीच घेतात.

मुलगी सांगे, “अण्णा, यांच्या चुका अगदीं आपल्या मुलांसारख्या आहेत. पोलिशमध्यें ‘ए’ आणि ‘द’ हीं उपपदें नाहींत, मराठींतहि नाहींत. म्हणून हीं मुलें तीं गाळतात, आणि मला आपली शाळा आठवते.” मात्र एका ठिकाणीं तिचे विद्यार्थी हट्टास पेटत. कोणी ‘कसें काय?’ म्हणून इंग्रजींत विचारलें तर ‘उत्तम’ असें उत्तर द्यावें, हें कांहीं त्यांच्या गळीं उतरेना. पोलिश माणूस अशा प्रश्नाला ‘स्तारा ब्येदा’, म्हणजे ‘तीच जुनी विपत्ति’, असें सांगून मोकळा होतो. “पाठ दुखत असतांना उत्तम कसें म्हणावें, बाई?” असें एका वयस्क विद्यार्थ्यानें तिला विचारलें. मला तो गृहस्थ फार आवडला.

लोक मोठे रीतीचे. घरांत शिरतांना जोडे काढतात, आणि पाहुण्यासाठीं सपाता ठेवलेल्या असतात. उंबरठ्यावरून हात मिळविणें अशुभ मानतात. आपल्याकडेहि उंबरठ्यावरून देणेंघेणें वर्ज्यच आहे. परक्या माणसाशीं एकेरींत बोलत नाहींत. ‘पानी’, म्हणजे बाईसाहेब, असें म्हणून क्रियापद तृतीय पुरुषीं ठेवतात: “बाईसाहेब चहा घेतील का?” आपल्या जुन्या वाड्यांतून ऐकूं येई तशीच ही बोलण्याची तऱ्हा! १४ ऑक्टोबर हा तेथें शिक्षकांचा दिवस. १७७३ सालीं त्याच दिवशीं तेथें राष्ट्रीय शिक्षणमंडळ स्थापन झालें. त्या संध्याकाळीं मुलगी फुलांचे दोन गुच्छ घेऊन आली. नातीनें लगेच फुलें मोजलीं. कारण शुभप्रसंगीं फुलें विषम संख्येनेंच द्यावयाचीं असतात, सम संख्या अंत्यविधीची.

नात दोन वर्षांची असतांना तिकडे गेली. मराठी तिला समजे. परंतु उत्तर यावयाचें तें पोलिशमध्यें. एकच मराठी शब्द ती आपण होऊन बोले, आणि तोहि मोडून. मला ती ‘आजोबो’ अशी हांक मारी. मीं मास्तराच्या शिस्तीनें प्रत्येक वेळीं दुरुस्ती केली: “आजोबो नव्हे, आजोबा म्हणावें.” दहा-बारा दिवसांनीं तिनें चूक करणें सोडलें. म्हणजे ती मला हांक मारीनाशीच झाली. कांहीं हवें असलें म्हणजे जवळ येऊन बाही ओढी.

माझा मात्र पोलिश भाषेचा अभ्यास जोरांत चालला होता. मुलीच्या कपाटांतील व्याकरण उघडून पाहतों तों सात विभक्ति! तृतीया शाबूत, सप्तमी शाबूत. फक्त पंचमी लोपून तिचें काम षष्ठीकडे गेलेलें. शब्द पाहावेत तर धुराला ‘डिम’, आपला धूम, भावाला ‘ब्रात’, आपला भ्राता, विधवेला ‘व्दोवा’, आणि पांचाला चक्क ‘प्येंच’! माझी स्थिति परगांवीं अचानक भाऊबंद भेटावेत तशी झाली. संबोधनाचें पान तेवढें मीं उलटून पुढें गेलों. आठवी विभक्ति म्हणून तिला आपण शेवटीं बसवितों, आणि परीक्षेंतहि तिला फारसें कोणी विचारीत नाहीं.

तेथील इतिहासहि वाचला. १७९५ पासून १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षें, पोलंड नांवाचें राज्यच पृथ्वीवर नव्हतें. तिघां शेजाऱ्यांनीं तें वांटून घेतलें होतें. मे १९०१ मध्यें प्रशियाच्या ताब्यांतील व्झेश्न्या या गांवच्या शाळेंत मुलांनीं धर्मपाठाचीं उत्तरें जर्मनींत देण्याचें नाकारलें, म्हणून त्यांना छड्या मारण्यांत आल्या. १९३९ ते १९४५ या काळांत जर्मनांनीं क्राकूवचें विद्यापीठ बंद केलें, प्राध्यापकांना धरून छावणींत पाठविलें, तरी घराघरांतून चोरून वर्ग चालत.

हें ज्ञान मीं विनयानें पचवावयास हवें होतें. मीं त्याची छडी केली. नोव्हेंबरच्या अखेरीस एके रात्रीं जेवणें झाल्यावर मीं मुलीला म्हटलें, “जगाला इंग्रजी शिकवतेस, आणि पोटच्या पोरीला मराठी नाहीं? ज्या लोकांत राहतेस त्यांच्याकडे तरी पाहा! छड्या खाल्ल्या, पण भाषा सोडली नाहीं. १९४३ ते १९४८ मध्यें पांच हजार पोलिश निर्वासित आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहत होते. तेथेंहि त्यांनीं मुलांसाठीं पोलिश शाळा चालविल्या. आणि तूं?”

तिनें भांडीं आवरणें थांबविलें नाहीं. थोड्या वेळानें म्हणाली, “अण्णा, सकाळीं सातला मी इंग्रजी बोलूं लागतें. दुकानांत मोडकें पोलिश बोलतें. रात्रीं आठला घरीं येतें, तेव्हां माझ्या तोंडांत कोणतीच भाषा उरलेली नसते. त्या वेळीं पोर ज्या भाषेंत गळ्यांत पडते, ती मला पुरते. वळिवड्याला पांच हजार माणसें होतीं. इथें मी एकटी आहें.”

मला उत्तर सुचलें नाहीं. माझें कुटुंब माझ्याकडे न पाहतां उठून आंत गेलें.

त्यानंतरच्या बुधवारीं एक वृद्ध बाई नेहमीप्रमाणें शिकवणीस आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, विधवा, पिशवींतून स्वतःच्या सपाता घेऊन येणाऱ्या. त्यांचा मुलगा २००४ नंतर इंग्लंडला गेला, तेथेंच त्यानें लग्न केलें, आणि त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येत नाहीं. मी शेजारच्या खोलींत पुस्तक घेऊन बसलों होतों. पण कान तिकडे होते. एकच वाक्य त्या पुन्हां पुन्हां म्हणत होत्या: “व्हॉट डिड यू ईट टुडे?” आज काय खाल्लेंस? दहादां चुकल्या, अकराव्या वेळीं बरोबर आलें, आणि त्यांनीं तें शाळकरी मुलीसारखें वहींत उतरून घेतलें.

चहाच्या वेळीं मीं मुलीकरवीं त्यांना विचारलें, “या वयांत हा खटाटोप कशाला? मुलाला बजावून सांगावें, नातवाला पोलिश शिकव म्हणून.”

बाईंनीं पेल्यांतील लिंबाची चकती चमच्यानें दाबली आणि म्हणाल्या, “त्याला वेळ नाहीं. मला आहे.”

मुलीनें भाषांतर केलें, आणि माझ्या नजरेला नजर न देतां पेले उचलून नेले. इतिहासाचीं जीं पुस्तकें मीं पंधरा दिवस वाचलीं, त्यांतलें मुख्य वाक्य मजकडून निसटलें होतें. व्झेश्न्याच्या मुलांना आपली भाषा कोणी दटावून शिकविली नव्हती. ज्यांच्याजवळ वेळ होता, अशा कोणींतरी ती मांडीवर घेऊन शिकविली असली पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून नातीला शाळेंतून आणण्याचें काम मीं मागून घेतलें. वाटेंत आम्ही ट्रॅम मोजीत असूं. ती म्हणे ‘द्वा’, मी म्हणें ‘दोन’. ती ‘त्शी’, मी ‘तीन’. ‘प्येंच’ आणि ‘पांच’ ऐकून ती रस्त्यांत थांबून हंसली. घरांच्या धुराड्यांतून धूर मात्र आम्हांला कोठें दिसेना. क्राकूवमध्यें १ सप्टेंबर २०१९ पासून घरांत कोळसा जाळण्यास बंदी आहे. म्हणून ‘डिम’ हा शब्द आम्हीं चहाच्या वाफेवर भागविला. परंतु हांक कांहीं ती मारीना. बाहीच ओढी.

२४ डिसेंबरच्या रात्रीं त्या वृद्ध बाईंनीं आम्हां सर्वांना जेवावयास बोलाविलें. या रात्रीला ‘विगीलिया’ म्हणतात. आकाशांत पहिला तारा दिसल्यावर जेवण सुरू होतें. बारा पदार्थ करण्याची चाल आहे. मांस वर्ज्य, मासे मात्र असतात. ते टाळूनहि आमच्या पानांत कोबीच्या व अळंब्यांच्या उकडलेल्या करंज्या, बीटाचें सार, खसखशीची पोळी असें पुष्कळ होतें. मेजावरच्या कापडाखालीं थोडें गवत पसरलेलें होतें, आणि एक ताट रिकामें मांडलेलें होतें, अकस्मात् येणाऱ्या अतिथीसाठीं. माझ्या कुटुंबानें त्या ताटाकडे पाहून मला हळूच विचारलें, “हें आपलेंच की हो?”

जेवण चाललें असतांना इंग्लंडहून मुलाचा फोन आला. पडद्यावर नातवाचा चेहरा दिसला. बाईंनीं चष्मा सारखा केला आणि आपलें वाक्य म्हटलें. मुलानें भरधाव उत्तर दिलें. त्यांतलें त्यांना काय कळलें असेल कोण जाणे. मधेंच एक ‘केक’ शब्द आला, तो त्यांनीं झेलला, आणि विजयी मुद्रेनें आम्हां सर्वांकडे पाहिलें. माझी मुलगी हातांतला घास तसाच धरून ऐकत होती. शेवटीं मुलगा कोणीतरी पढविल्यासारखा थांबून म्हणाला, “बाप्चू!” आणि पडदा काळा झाला.

मी आतां थोडेंबहुत पोलिश जाणत होतों. आजीला ‘बाप्च्या’ म्हणतात हें मला ठाऊक होतें. म्हणून मीं मुलीला म्हटलें, “पोराचें चुकलें.”

“नाहीं, अण्णा,” ती म्हणाली, “हांक मारतांना नांव बदलतें. बाप्च्याचें बाप्चू. मामाचें मामो, म्हणजे आईला. ताताचें तातो, म्हणजे बाबांना. आकारान्त नामाचें संबोधन बहुधा ओकारान्त होतें.”

मीं समोर पाहिलें. नात करंजीच्या कडा तेवढ्या खात बसली होती. आकारान्त नामाचें संबोधन ओकारान्त! आजोबा या शब्दाचें व्याकरणशुद्ध संबोधन तिनें कोणी न शिकवितां साधलें होतें. माझ्या मराठी नांवाला आपल्या भाषेंतील विभक्ति लावून तिनें मला आपल्या घरांत घेतलें होतें. आणि मीं, विभक्तींवर चौतीस वर्षें पोट भरलेल्या मास्तरानें, ती चूक म्हणून खोडून काढली होती.

घरीं परततांना ट्रॅममध्यें ती माझ्याशेजारी बसली. मीं तिला जमेल तेवढ्या पोलिशमध्यें, आणि उरलेलें मराठींत, सांगितलें, “बाळ, तुझें बरोबर होतें. माझें चुकलें.” तिनें थोडा विचार केला, आणि मास्तरीण होऊन मला विचारलें कीं, मग मला सहापैकीं किती गुण द्यावे? तेथें एक हा नापासाचा गुण आणि सहा हा सर्वोत्तम. मीं म्हटलें, “एक.” तिनें दोन दिले.

आम्ही जानेवारींत परत आलों. नातीचें मराठी फार वाढलें, असें म्हणतां येणार नाहीं. पन्नासएक शब्द झाले असतील. मुलीचा दिवस अजून ट्रॅमवरच चालतो. पण दर रविवारीं आमच्याकडील दुपारीं ती फोन लावून पोरीच्या हातीं देते आणि स्वतः अर्धा तास स्वस्थ बसते. त्या अर्ध्या तासाची जबाबदारी माझी. पलीकडून हांक येते, “आजोबो!”

मी दुरुस्त करीत नाहीं.