कौलाखाली फोम?

घर दुरुस्तीला काढलं की सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. आमच्या खानापूर भागातल्या कौलारू घरासाठी आलेला सल्ला मात्र घरातलाच होता. धाकट्या भावाने उद्यमबागेतल्या आपल्या पत्र्याच्या शेडला आतून फोम मारून घेतलाय. पूर्वी एप्रिल-मेमध्ये तिथं उभं राहवत नसे. आता दुपारीही काम चालतं. "आईच्या डोक्यावरही हेच करूया. ऊन नको, गळती नको, कौलं परतणं नको," असं त्याचं म्हणणं. आई सत्तरी ओलांडलेली. पावसाआधी कौलं परतायला माणूस मिळत नाही ही तिची दरवर्षीची काळजी. त्यामुळे मी विषय हसण्यावारी नेला नाही.

हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. दोन रसायनं दोन पिंपांतून येऊन नळीच्या तोंडाशी मिसळतात, फवारली की काही सेकंदांत फुगतात आणि समोर जे असेल त्याला घट्ट चिकटतात. उष्णता अडवण्यात तो पटाईत. फ्रीजच्या दारात आणि शीतगृहांच्या भिंतींत तोच असतो. पत्रा एकदा बोल्टने आवळला की सहसा हलवावा लागत नाही, तिथं तो शोभतो. गच्चीवर वरूनही मारतात, पण उन्हाने त्याची भुकटी होते, म्हणून वर लेप हवाच.

कौलाचं तसं नाही. मंगळुरी कौल रिपांवर नुसतं अडकवलेलं असतं. वानरांनी उडी मारली की फुटतं, आणि फुटलेलं काढून दुसरं सरकवायला पाच मिनिटं पुरतात. आमच्या गवंड्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हंच तेगीबेकंद्र ह्यांगरी?" कौल काढायचं झालं तर कसं? धाकट्याकडे उत्तर नव्हतं. फोम कौल, रीप आणि वासा एकजीव करून टाकतो. पुढे एखादं कौल फुटलं तर आत शिरलेलं पाणी खाली ठिबकेलच असं नाही; ते फोम आणि लाकडाच्या मध्ये मुरत राहतं. दिसणाऱ्या गळतीखाली बादली ठेवता येते. न दिसणारी वासा कुजवते. खानापूरचा पाऊस पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको.

दुसरी गोष्ट धुराची. स्वयंपाक गॅसवर होतो, पण आंघोळीचं पाणी अजून लाकडावरच तापतं, आणि तो धूर कौलांच्या फटींतूनच जातो. फटी बुजल्यावर त्याने जायचं कुठं? शिवाय फोम पेट घेतो. राहत्या घरात तो उघडा न ठेवता बोर्डाने किंवा गिलाव्याने झाकावा लागतो. फवारताना आणि नंतर निदान एक दिवस घर रिकामं हवं ते वेगळंच. आई म्हशीला सोडून एक रात्र कुठं जायची नाही!

शेवटी कुजलेले वासे आणि फुटकी कौलं बदलायची, आणि आईच्या निजायच्या खोलीवर फळ्यांचा माळा घालायचा असं ठरलं. माळा आणि कौलं यांच्यामध्ये हवा खेळती राहील, ऊन बरंचसं तिथंच अडेल. फोमइतका गारवा मिळणार नाही, हे मी धाकट्याजवळ कबूल केलं.

माणसाचा प्रश्न उरतोच. शंभर जादा कौलं परड्यात रचून ठेवलीत आणि गवंड्याच्या मुलाला मे महिन्यातला दुसरा रविवार आगाऊ सांगून ठेवलाय. तो आला नाही तर शिडी मी चढायची, असं धाकट्याने बजावलंय.