उंबरठ्यापाशी

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती इ.स. १२०४ ची, रट्टांच्या काळातली. तिथे गेलो की मी दरवेळी छतातल्या दगडी कमळाचाच फोटो काढायचो. गेल्या रविवारी आमच्या छायाचित्र-मंडळींनी सर्वांना एकच विषय दिला : उंबरठा, कन्नडमध्ये होस्तिलू. म्हणजे कमळ वर्ज्य! मी मनातून खट्टू झालो. नाइलाजाने खाली बसलो, तर एक आजी उंबरठ्याला हात लावून तो कपाळी नेत होत्या. मी कॅमेरा उचलेपर्यंत त्या आत गेल्या. शेजारच्या विद्यार्थिनीला मात्र तो हात मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या उंबरठ्यावर सौ. रांगोळी रेखत होती. वीस वर्षांत प्रथमच मी तिथे थांबलो.

"येन री?" तिने विचारले.

म्हटले, "काही नाही, पाहतोय."