सुप्याचा माळ आणि बाण नसलेला शिकारी

शाळेतल्या इतिहासाने आपल्याला सुप्याची ओळख एका ओळीत करून दिली : शहाजीराजांची पुणे-सुपे जहागीर. त्यातल्या पुण्याचं पुढे काय झालं, ते आपण रोज सिग्नलला उभे राहून बघतोच. सुपे मात्र बारामती तालुक्याच्या जिरायती कडेला, कुणाच्याही वीकेंड लिस्टमध्ये न घुसता, निवांत राहिलं. (निवांत हे आजचं हं. १२ मे १८७५ ला याच गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले आणि दख्खनचे दंगे पेटले.)

इथे किल्ला नाही, धबधबा नाही, सेल्फी पॉइंट नाही. आहे तो माळ. हिवाळ्यात सोनेरी, उन्हाळ्यात करडा. त्यातला जेमतेम पाच चौरस किलोमीटरचा तुकडा म्हणजे मयूरेश्वर अभयारण्य. १९९७ मध्ये जाहीर झालेलं, राज्यातल्या सगळ्यात छोट्या अभयारण्यांपैकी एक. नाव मोरगावच्या गणपतीवरून. रोज पळायला जाणारा माणूस तासाभरात याला वळसा घालेल. एवढ्याशा जागेत राहतो तो चिंकारा.

सगळे त्याला हरीणच म्हणतात, मीही म्हणतो. पण तो खरा कुरंगवर्गातला. हरणाची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, याची एकदा आली की कायमची. मादीलाही शिंगं असतात, बारीक. वजन वीस-पंचवीस किलो, म्हणजे आपल्या चेक-इन बॅगेएवढं! पाणी नसलं तरी पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दवावर तो बरेच दिवस काढतो.

आता यात धनुष्यबाण कुठून आला?

माझा एक मित्र चार वर्षं पेनसिल्व्हेनियात ऑनसाईट होता. तिथे शेजाऱ्याच्या नादाने तो धनुष्याने हरणाची शिकार करायला शिकला. तिथे त्याचा रीतसर सीझन असतो, लायसन्स असतं. परत आल्यावर चहाच्या टपरीवर तो त्या सीझनबद्दल बोलायचा आणि गंमत म्हणजे त्यात बाण मारण्याबद्दल जवळपास काहीच नसायचं. वारा, थांबणं, पहाटेची थंडी. चार महिन्यांत त्याने बाण सोडला तो एकदा. संध्याकाळी लागला, जनावर रात्रभर सापडलं नाही, सकाळी ओढ्याकाठी मेलेलं मिळालं. हे सांगताना तो नेहमी कपाकडे बघायचा.

आपल्याकडे हा विषयच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद. म्हणून मी मित्राकडून बाण सोडून बाकीचं सगळं उसनं घेतलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एक आड एक रविवार, सुपे. हातात कॅमेरा, मागच्या सीटवर थर्मास.

वाऱ्याचं काम सोपं निघालं. तो तिथे टाल्कम पावडरची डबी दाबून वारा कुठून येतोय ते बघायचा. मी वाळलेल्या गवताची काडी चुरून सोडायचो. आपल्याकडून जनावराकडे वारा जात असेल तर गाडी पुढे नेण्यात अर्थ नाही, दुसरी वाट धरायची.

अंतराचं गणित मात्र पार उलटं. धनुष्याने शिकार करणारा झाडावर मचाण बांधून बसतो आणि हरीण वीस-पंचवीस मीटरवर येईपर्यंत श्वासही जपून घेतो. सुप्याच्या माळावर लपणार कुठे? तुम्हाला चिंकारा दिसण्याआधी त्याने तुम्हाला दोनदा बघितलेलं असतं. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुष्यात जगज्जेते झाले ते ५० मीटरवरच्या टार्गेटवर. टार्गेट मान वर करून बघत नाही, हे त्यातल्या त्यात सुख. इथे दीडशे मीटरवर मान वर होते. मग शेपटी फडफडते, खूर आपटला जातो, नाकातून शिंकल्यासारखा आवाज येतो आणि मग समोर फक्त गवत.

डिसेंबरात मी धनगर बघितला तो अभयारण्याच्या हद्दीबाहेर. पन्नासेक मेंढरं, एक कुत्रं, खांद्यावर घोंगडी. त्याच्यापासून शंभर पावलांवर तीन चिंकारे चरत होते आणि त्यांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता, थेट त्यांच्या दिशेने चालत नव्हता, मध्येच थांबत नव्हता. तो लपलेलाही नव्हता. तो फक्त रोजचा होता. त्या दिवसापासून मी लपायचं सोडलं. वाटेवर गाडी, इंजिन बंद, खिडकी अर्धी, आणि पहिली मान वर झाली की आहे तिथे थांबायचं. दिसायचं, पण कंटाळवाणं दिसायचं. (ऑफिसच्या मीटिंगमध्ये ही कला आपल्या सगळ्यांना अवगत आहेच.) जानेवारीत एक नर चरत चरत स्वतःहून साठेक मीटरवर आला, रवंथ करत बसला. पाऊण तास. तेव्हा गाडीशेजारच्या खुरट्या बोरीवर एक चंडोल येऊन गायला लागला, आणि फोटो काढायचं मला पाच मिनिटं सुचलंच नाही.

मित्राचा एक नियम होता : बाण लागला की अर्धा तास जागचं हलायचं नाही. लगेच मागे धावलं तर जखमी जनावर मैलभर पळतं, नाही धावलं तर जवळच बसतं. सुप्यात हाच नियम बिनजखमेच्या चिंकाऱ्यालाही लागू पडतो. तो बिचकून दोनेकशे मीटर जातो, थांबतो, वळून बघतो. तुम्ही हललात नाही, तर बऱ्याचदा परत चरायला लागतो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पुढे एक मोठी एसयूव्ही होती. चौघं माझ्याच वयाचे, गळ्यात माझ्यापेक्षा महाग लेन्स. मादी उठली तशी त्यांनी गाडी वाट सोडून गवतात घातली. माझ्याबरोबरचे स्थानिक गाइड, साठीचे काका, खाली उतरून धावतच गेले. "अवो दादा, पिल्लू हाय तिच्यासंगं! ते न्हाई पळू शकत एवढं." गाडी थांबली, पण मादी हद्दीच्या दिशेने गेली होती. मी विचारलं, "काका, येईल ना परत?" ते म्हणाले, "ती येईल." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

पाच चौरस किलोमीटरला हद्द म्हणजे दगडांची रांग. तिच्यापलीकडे रस्ता, कांद्याची शेतं आणि गावातली मोकाट कुत्री. लांडगा माळाचाच, त्याचा आणि चिंकाऱ्याचा हिशेब जुना आहे. कुत्र्यांचा नाही. त्यात सरकारी भाषेत अशा माळाला 'पडीक' म्हणायची सवय, आणि पडीक म्हटलं की कुणाला तिथे झाडं लावावीशी वाटतात, कुणाला कारखाना. मला हल्ली तो शब्द ऐकला की खूर आपटावासा वाटतो.

जायचं असेल तर सोलापूर रस्त्याने चौफुल्याला उजवीकडे वळा. पुण्यापासून साधारण ७५ किलोमीटर. उजाडताना गेटवर हजर राहा, स्थानिक गाइड घ्या, भडक टी-शर्ट घरी ठेवा, गाडीतली गाणी बंद. परतताना मोरगावला दर्शन आणि पिठलं-भाकरी. आणि जास्त जवळचा फोटो हवाच असेल, तर तेवढा वेळ काढून या. गाडी पुढे घेऊ नका.